कोल्हापूर महापालिकेचं अंदाजपत्रक: एकूण आकडा सोडा, देखभालीची ओळ शोधा

जमाखर्च (धागालेखक)

मार्च जवळ आला की पेपरात मथळा ठरलेला: महापालिकेचं अमुक कोटींचं अंदाजपत्रक, करवाढ नाही. दोन दिवस त्यावर चर्चा होते, कुठल्या भागाला काय मिळालं याच्या याद्या फिरतात आणि विषय मिटतो. यंदा तो तसा मिटू नये असं मनापासून वाटतं, म्हणून हा धागा काढतोय.

आधीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकच अंदाजपत्रक मांडत होते आणि प्रशासकच ते मंजूर करत होते. अधिकारी कितीही चांगला असला तरी भर सभेत उभं राहून 'गेल्या वर्षी हेच काम धरलं होतं, त्याचं काय झालं?' असं विचारणारं कोणी नव्हतं. 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं आणि 81 जणांचं सभागृह परत आलं. आता विचारणारी माणसं आहेत. त्यांच्या हातात नेमके प्रश्न देणं आपलं काम.

माझा मुद्दा असा. अंदाजपत्रकाच्या एकूण आकड्यावरून शहर कसं चाललंय ते कळत नाही. त्यात राज्य आणि केंद्राकडून प्रकल्पांसाठी येणारा पैसा मिसळलेला असतो. तो आला तरच काम होतं, आणि आला तरी त्याच कामावर खर्चावा लागतो. नळाचं पाणी, कचऱ्याचा टिपर, गटारसफाई, पॅचवर्क, दिवाबत्ती, दवाखान्यातली औषधं हे सगळं महसुली पैशावर चालतं. त्यातूनही पगार, पेन्शन आणि वीजबिल गेल्यावर जे उरेल तेवढ्यातच देखभाल होते. योजना अनुदानातून उभ्या राहतात, चालवाव्या लागतात त्या आपल्या घरफाळ्यातून आणि पाणीपट्टीतून. त्यामुळे अंदाजपत्रक हातात आलं की मी एकच गोष्ट शोधतो: देखभालीला किती ठेवले, आणि गेल्या वर्षी ठेवलेल्यातले खरोखर किती खर्च झाले.

पैसा येतो कुठून ते आधी बघू. एके काळी जकात होती. कावळा नाका, शिरोली नाका ही नावं त्या काळाची आठवण देतात. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. 1 ऑगस्ट 2015 पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी माफ झाला आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर तोही संपला. त्या बदल्यात राज्य सरकार महापालिकेला दर महिन्याला भरपाई देतं. 2016-17 चं उत्पन्न पाया धरायचं आणि त्यावर दरवर्षी 8 टक्के वाढ, असा हिशोब कायद्यातच लिहिलेला आहे. म्हणजे मिळकतीचा मोठा हप्ता मुंबईहून येतो, आणि बाजारपेठ कितीही वाढली तरी तो ठरलेल्या गतीनेच वाढतो. आपल्या हातातलं उत्पन्न म्हणाल तर घरफाळा, पाणीपट्टी, नगररचनेचे बांधकाम शुल्क, इस्टेट विभागाकडचं गाळेभाडं आणि परवाना फी. यातलं बांधकाम शुल्क बाजारावर अवलंबून, गाळेभाड्याचे वाद वर्षानुवर्षं चालू. खात्रीचं काय तर घरफाळा आणि पाणीपट्टी.

आता थेट पाईपलाईनचं बघा. काळम्मावाडी धरणातून थेट पाणी आणायची मागणी शहराने कित्येक वर्षं लावून धरली. पंचगंगेचं प्रदूषित पाणी प्यायचं नाही म्हणून मोर्चे निघाले, उपोषणं झाली. पुढे मंजुरी आली, सुमारे 53 किलोमीटरची जलवाहिनी टाकली गेली आणि नोव्हेंबर 2023 मध्ये, ऐन दिवाळीत, पाणी पुईखडीला पोचलं. आनंद सगळ्यांनाच झाला, मलाही झाला. पण ते पाणी धरणातून आपोआप चालत येत नाही. जॅकवेलवर (पाणी उपसायच्या विहिरीवर) पंप आहेत, ते वर्षाचे बाराही महिने चालवावे लागतात. पंपाला वीज लागते, विजेचं बिल दर महिन्याला येतं. पंप बिघडला, वीज गेली किंवा वाटेत गळती लागली की शहराच्या मोठ्या भागाला टँकरची वाट बघावी लागते. हे आपण पाणी आल्यापासून अनेकदा पाहिलंय. पर्याय म्हणून शिंगणापूर आणि बालिंग्याचा उपसाही चालू अवस्थेत ठेवावाच लागतो. म्हणजे एका शहराला दोन पाणीयंत्रणा सांभाळायच्या आहेत. त्यासाठी सुटे पंप, सुटे पार्ट, रात्रपाळीचे लोक आणि देखभालीचा करार लागतो. या ओळी अंदाजपत्रकात आहेत का, आणि आहेत तर पुरेशा आहेत का? पुढची पंचवीस वर्षं पाणी नीट येणार की नाही ते या ओळींवर ठरणार आहे. योजनेचं श्रेय कोणाचं या वादातून पंपाला सुटा पार्ट मिळत नाही.

अंदाजपत्रकाचं पुस्तक वाचायची पद्धत सांगतो, कारण बरेच जण जाडी बघूनच ते बाजूला ठेवतात. प्रत्येक शीर्षाखाली साधारण चार रकाने असतात: मागच्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. पेपरात छापून येतो तो शेवटचा रकाना. आपण पहिला आणि तिसरा वाचायचा. घरफाळ्याच्या ओळीत मूळ अंदाज मोठा, सुधारित त्याहून कमी आणि पुढच्या वर्षी परत मोठा, असं दर वर्षी दिसत असेल, तर खर्चाची बाजू फुगवण्यासाठी जमेची बाजू फुगवली आहे असं खुशाल समजा. मग वर्ष सरता सरता कात्री कशाला लागते? पगाराला लावता येत नाही, पेन्शनला येत नाही, वीजबिलाला येत नाही. ती लागते गटारदुरुस्तीला, पॅचवर्कला आणि बागांना.

ज्यांनी अंदाजपत्रक वाचलंय त्यांनी लिहा. आपल्या भागातलं एखादं काम दोन-तीन वर्षं ओळीने कसं फिरतंय ते पकडता आलं तर फारच उत्तम.

गंगावेश

अगदी मनातलं लिहिलंत. सांडपाण्याचीही हीच गत. कसबा बावड्याचं रोज 76 दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र आणि दुधाळीचं 17 दशलक्ष लिटरचं, दोन्ही उभी आहेत. पण जयंती नाल्याचं पाणी अडवून पंपाने बावड्यापर्यंत ढकलावं लागतं. पंप बंद पडला किंवा जोराचा पाऊस झाला की बंधाऱ्यावरून सगळं थेट नदीत. आम्ही काठावरची माणसं, आम्हाला पाण्याच्या रंगावरूनच कळतं. पुढे तेच पाणी इचलकरंजीला जातं, कुरुंदवाडला जातं, नरसोबाच्या वाडीला लोक त्यात स्नान करतात. प्रदूषणाचा विषय हायकोर्टापर्यंत गेला, नोटिसा निघाल्या, दंडाच्या बातम्या आल्या. दंडही शेवटी आपल्याच पैशातून जातो. त्यापेक्षा राखीव पंप आणि जनरेटरच्या डिझेलची तरतूद परवडली.

पाचगावकर

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. दर वेळी शहरातले लोक म्हणतात हद्दवाढ झाली, म्हणजे आमच्यासारखी लगतची गावं शहरात घेतली, की उत्पन्न वाढेल. 1972 साली महापालिका झाली तेव्हापासून हद्द इंचभर सरकलेली नाही, हे खरं. पण आम्ही गाववाले विरोध का करतो ते कोणी विचारत नाही. आमचा घरफाळा कमी आहे, तो वाढणार. शेतीवर आरक्षणं पडतील ही भीती आहे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, शहरातल्याच उपनगरांची हाल आम्ही रोज जाता-येता बघतो. तिथं रस्ता, गटार, पाणी नीट असतं तर आम्ही स्वतःहून आलो असतो. 2017 ला हद्दवाढीऐवजी 42 गावांसाठी विकास प्राधिकरण केलं. त्यातून आमच्या गावांना काय मिळालं ते गावात येऊन विचारा.

जमाखर्च

@पाचगावकर, राग कसला दादा, तुम्ही नेमकं दुखणं सांगितलंत. शहराची हद्द 66.82 चौरस किलोमीटर, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 5,49,236. आता प्रत्यक्षात शहर या रेषेच्या कितीतरी बाहेर गेलंय. बाहेर राहणारी माणसं रोज आत येतात, रस्ते वापरतात, दवाखाने वापरतात. आग लागली तर बंब शहरातूनच जातो. या सेवांचा खर्च महापालिकेच्या वहीत पडतो आणि घरफाळा ग्रामपंचायतीच्या. दुसरीकडे ग्रामपंचायतीला पाच-सात मजली इमारतींचं सांडपाणी झेपत नाही, ते ओढ्या-नाल्यांतून शेवटी पंचगंगेलाच येतं. म्हणजे दोन्ही बाजूंना तोटा होतोच आहे. पण तुमचं म्हणणं मला मान्य आहे की आधी आहे त्या हद्दीत सेवा नीट करून दाखवा. त्यासाठीच देखभालीच्या पैशाचा आग्रह. उपनगरातला रस्ता तीन पावसाळे टिकला तर गावाला पटवायला वेगळं भाषण करावं लागणार नाही.

निवृत्त_लेखनिक

मी आयुष्यभर स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जमाखर्चात घालवलं, कोल्हापुरात नव्हे, पण कायदा तोच. काही गोष्टी जोडतो.

पहिलं, घरफाळ्याचं बिल हातात घ्या आणि एकेक ओळ वाचा. सर्वसाधारण कर, पाण्याशी आणि मलनिस्सारणाशी संबंधित कर, अग्निशमन, वृक्ष, आणि त्यातच शिक्षण कर. दुकान-कारखाना असेल तर रोजगार हमी कर. यातला राज्याचा शिक्षण कर आणि रोजगार हमी कर महापालिका फक्त गोळा करते, ते पैसे सरकारजमा करायचे असतात. 1962 च्या कायद्याने लावलेले कर आहेत ते. त्यामुळे 'एवढा घरफाळा भरतो, गल्लीत काय दिसतं?' असं म्हणताना बिलाची सगळी रक्कम महापालिकेची धरू नका. ही रक्कम वेळेत शासनाकडे भरली की इतर खर्चात वापरली गेली, हा लेखापरीक्षणात हमखास निघणारा मुद्दा. तो जरूर बघा.

दुसरं, वसुलीची टक्केवारी ऐकली की विचारा, कशाची टक्केवारी? चालू मागणी (यंदाची बिलं) वेगळी, थकबाकी वेगळी. चालू मागणीची वसुली चांगली असूनही एकूण टक्केवारी खराब दिसू शकते, कारण जुन्या थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती (दंड) चढत राहते आणि मागणीचा आकडा कागदावर वाढत जातो. त्यात वादातल्या, कोर्टातल्या, दुबार नोंदीच्या, पाडलेल्या इमारतींच्या रकमाही असतात. अशी मागणी वर्षानुवर्षं पुढे ओढायची आणि तिच्या भरवशावर खर्च धरायचा, हा रोग एका शहराचा नाही. यावर उपाय म्हणजे मोठ्या थकबाकीदारांची यादी वर्गवारीसह मागणं: निवासी किती, व्यापारी किती, सरकारी कार्यालयं किती.

तिसरं, तारखा. कायद्याप्रमाणे कराचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, स्थायी ते महासभेपुढे. त्यामुळे मार्चअखेर महासभेत करावर चर्चा झाली तरी दर बहुधा आधीच ठरलेले असतात. नागरिकांनी बोलायचं ते जानेवारी-फेब्रुवारीत. नंतर बोलून पेपरात फोटो येतो, दर बदलत नाही.

चौथं, कलम 63 आणि कलम 66. पहिल्यात अनिवार्य कामं: पाणी, सफाई, सांडपाणी, रस्ते, दिवाबत्ती, प्राथमिक शिक्षण, आग विझवणं. दुसऱ्यात ऐच्छिक कामं. पैशाची ओढाताण असेल त्या वर्षी कात्री आधी कुठे लावली, हे या दोन याद्या शेजारी ठेवून पाच मिनिटांत दिसतं. माझ्या नोकरीत मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटायचं, की अनिवार्य कामाची दुरुस्ती पुढच्या वर्षावर जायची आणि स्वागतकमानीचं बिल मार्चच्या आत निघायचं.

सायबर_चौक

काका, सेव्ह करून ठेवला तुमचा प्रतिसाद.

केएमटीचं, म्हणजे महापालिकेच्या शहर बससेवेचं लिहितो. 1962 पासून चालू असलेली सेवा, कॉलेजला जाणाऱ्या पोरापोरींची आणि बाजाराला येणाऱ्या बायकांची हक्काची गाडी. बस हद्दीबाहेरच्या गावांनाही जाते, तोटा मात्र शहराने सोसायचा. आता पीएम ई-बस सेवेत आपल्या शहराला 100 इलेक्ट्रिक बस मंजूर आहेत. बस कंपनीची, चालक कंपनीचा, केंद्राचं साहाय्य 10 वर्षं. पण कंपनीला पैसे किलोमीटरवर द्यायचे आहेत. बस रिकामी धावली तरी किलोमीटर मोजला जाणार. तिकिटातून आलेले आणि केंद्राने दिलेले वजा जाता उरलेला फरक कोण भरणार? महापालिकाच. म्हणून मार्ग ठरवण्याआधी कुठल्या वेळेला, कुठल्या रस्त्यावर माणसं उभी असतात याची नीट पाहणी व्हायला पाहिजे. मला या बस हव्या आहेत, लवकर हव्या आहेत. 10 वर्षांनी त्या डेपोत गंजलेल्या बघायच्या नाहीत.

तिकटीवरून

म्हैस आंदण मिळाली तरी वैरण आपल्यालाच घालायची असते, एवढी साधी गोष्ट हाय ही.

रस्त्यांचं बोला की कोण तरी. टोलचं आंदोलन इसरलासा काय? महापालिकेकडं पैसा नव्हता म्हणून सुमारे 220 कोटींचा रस्ते प्रकल्प खासगीतून केला आणि टोल बसवला. शहरातल्या शहरात टोल! म्हातारी माणसं, तालमीतली पोरं, रिक्षावाले, समदे रस्त्यावर उतरले. एन. डी. पाटील सर, गोविंद पानसरे अण्णा पुढं हुते. 2015 च्या डिसेंबरात सरकारनं टोल बंद केल्याचं जाहीर केलं आणि कंपनीला पैसे सरकारनं दिले. लढा जिंकला याचा अभिमान हायच. पण त्यातला दुसरा धडा असा की ते रस्ते पुन्हा महापालिकेच्या गळ्यात आले. त्यांची डागडुजी करायला पवडीकडं (महापालिकेच्या बांधकाम खात्याकडं) माणसं किती, डांबर किती? आता राज्याच्या नगरोत्थान योजनेतनं 100 कोटींचे रस्ते मंजूर झाले, चांगलं झालं. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी किती वर्षांचा हाय हे रस्त्याच्या कडंला फलक लावून लिवा. त्या मुदतीत खड्डा पडला तर त्याच्याकडनंच भरून घ्यायचा, आमच्या पॅचवर्कमधनं न्हाई.

उपनगरवासी_मीरा

फलकाला जोरदार अनुमोदन. फलकावर ड्रेनेज आणि पाण्याच्या लाईनचं काम आधी झालंय का हेही लिहावं. डांबर पडलं की महिन्याभरात पाईपसाठी खोदाई, हे एका वर्षाच्या नियोजनात बसवणं अशक्य नाही. पाणीपुरवठा, ड्रेनेज, पवडी आणि गॅसलाईनवाले एका टेबलावर बसायला हवेत, पावसाळ्याआधी, आणि ते वेळापत्रक लोकांना दिसायला हवं.

स्नेहल_राजारामपुरी

सगळं वाईटच चाललंय असा सूर नको म्हणून लिहिते. जरगनगरची महापालिकेची शाळा बघा. पाडव्याला तिथे प्रवेशासाठी पालक रांगा लावतात, इंग्रजी माध्यम सोडून येतात. ही मराठी माध्यमाची सरकारी शाळा आहे. तिथे कोटींची जादू नाही, शिक्षक जीव तोडून शिकवतात आणि पालकांचा विश्वास बसलाय. माझ्या बहिणीची मुलगी तिथे आहे. रोजच्या वहीवर शिक्षिकेचा लाल शेरा असतो आणि त्याखाली आईची सही लागते, सही नसली तर संध्याकाळी फोन. मग हेच बाकीच्या शाळांत का होत नाही? शिक्षकांच्या बदल्या, रिक्त जागा, स्वच्छतागृहाची डागडुजी, इथेच सगळं अडतं.

सावित्रीबाई फुले रुग्णालय आणि पंचगंगा रुग्णालयाबद्दलही तेच म्हणेन. गरीब घरातल्या बाळंतिणीला तिथे आधार आहे. तिथे भूलतज्ज्ञ किती वेळ उपलब्ध आहे, सोनोग्राफी यंत्राचा देखभाल करार चालू आहे का, हे प्रश्न नवीन इमारतीच्या उद्घाटनापेक्षा महत्त्वाचे. यंत्र अनुदानातून येतं, ते बंद पडल्यावर दुरुस्त करायला मात्र कोणतं अनुदान येत नाही.

निवृत्त_लेखनिक

स्नेहलताई, रिक्त जागांचं कारण सांगतो. आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांवरचा खर्च, उत्पन्नाच्या 35 टक्क्यांच्या आत असावा अशी शासनाची अट आहे. तो वर गेला की भरतीला परवानगी मिळत नाही. मग काम थांबत नाही, ते ठोक मानधनावर नाहीतर ठेक्यावर जातं. ठेक्याचा खर्च आस्थापनेत दिसत नाही, दुसऱ्या शीर्षाखाली दिसतो. त्यामुळे 'आस्थापना खर्च कमी झाला' असं कोणी सांगितलं तर त्याच वर्षी ठेक्याच्या ओळी किती वाढल्या ते बघा. आणि त्या सफाई कामगाराला किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी मिळतो का, हेही विचारा. पहाटे साडेपाचला झाडू घेऊन गल्लीत येणारा माणूस आपल्या शहराच्या कारभाराचा पहिला चेहरा आहे.

गंगावेश

केशवराव भोसले नाट्यगृहाचं कुणी लिहिलं नाही. शाहू महाराजांनी 1915 साली उभारलेली वास्तू, महापालिकेच्या ताब्यात. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत गेली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लोक खासबागेच्या बाजूला उभे राहून रडत होते, मी स्वतः बघितलंय. पुनर्बांधणीला राज्याने निधी दिला, त्याबद्दल सरकारचे आभार. पण शहरात महापालिकेच्या अशा जुन्या इमारती कितीतरी आहेत. त्यांचं अग्निसुरक्षा आणि वीजजोडणीचं परीक्षण दरवर्षी होतं का, त्याला वेगळी तरतूद आहे का? हा प्रश्न या धाग्याच्या विषयातच बसतो.

मंगळवार_पेठ

प्रश्न विचारायचे कोणाला, हा माझा प्रश्न. पूर्वी एका प्रभागाला एक नगरसेवक. गल्लीत सकाळी भेटायचा, तालमीच्या कट्ट्यावर सापडायचा. आता 20 प्रभाग, 19 ठिकाणी चार-चार आणि एका ठिकाणी पाच. चौघांत काम वाटलं जातं आणि जबाबदारी कोणावरच राहत नाही, अशी भीती आहे. वर आपल्या शहराचा तो जुना प्रकार, महापौरपदाची खांडोळी. सहा महिन्याला माणूस बदलला तर वर्षाचं अंदाजपत्रक कोण आपलं मानणार?

जमाखर्च

@मंगळवार_पेठ, खांडोळीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. ज्याने फेब्रुवारीत अंदाजपत्रक हातात घेतलं त्यानेच पुढच्या मार्चला उत्तर द्यावं. पक्ष कुठलाही असो, हा आग्रह सगळ्यांनी धरला पाहिजे.

चार नगरसेवकांवर मार्ग आहे. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरात वॉर्ड समित्या राज्यघटनेनेच सांगितल्या आहेत. आपल्याकडे चार विभागीय कार्यालयं आहेतच: गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. शिवाय 2009 मध्ये महाराष्ट्राच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली. मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागातल्या कामांचा क्रम सुचवायचा, असा तिचा अर्थ. राज्यात ती कागदावरच राहिली. चारही नगरसेवकांना एकाच दिवशी, एकाच मंडपात बोलवायचं, कोण काय म्हणालं ते लिहून घ्यायचं आणि त्यावर चौघांच्या सह्या घ्यायच्या. कायद्याने सभा बोलवेपर्यंत थांबायची गरज नाही. आपल्याकडे तालीम मंडळं आहेत, त्यांच्याएवढी गर्दी जमवायची ताकद कोणात आहे?

सायबर_चौक

आमच्या मंडळाचा हॉल देतो. खुर्च्याही आहेत.

पाचगावकर

बाहेरचे आलो तर चालेल का? ऐकायला.

मंगळवार_पेठ

या की भावा. पुढची खुर्ची तुमची.

उपनगरवासी_मीरा

सभेत तोंडी आकडे सांगितले तर कोणीही काहीही म्हणेल. कागद हातात हवेत. माहिती अधिकारात नेमकं काय मागायचं ते कोणीतरी लिहून द्या.

जमाखर्च

मसुदा देतोय. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पाणीपुरवठ्यापुरताच लिहिलाय. इतर विभागांसाठी शीर्ष बदलून वेगळा अर्ज करावा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर त्यापुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

'विषय: पाणीपुरवठा विभागाचा देखभाल-दुरुस्ती खर्च. कालावधी: मागील तीन आर्थिक वर्षे. तपशील: देखभाल-दुरुस्ती शीर्षाखालील मूळ तरतूद, सुधारित तरतूद व प्रत्यक्ष खर्च, वर्षनिहाय. काळम्मावाडी योजनेच्या पंपांचे मासिक वीजबिल. चालू देखभाल कराराची प्रत. पंप बंद पडल्याच्या नोंदवहीची साक्षांकित प्रत. सुट्या भागांच्या साठा नोंदवहीची प्रत.'

खर्च का वाढला, कोण जबाबदार असे प्रश्न अर्जात घालू नका. 'का' ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, नोंदीची प्रत द्यायला आहेत.

निवृत्त_लेखनिक

मसुदा चांगला आहे. दोन सुधारणा. 'नोंदवहीची प्रत' सोबत 'किंवा नोंदवहीची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी' असं लिहा. जाड वह्यांच्या झेरॉक्सचा खर्च वाचतो आणि पाहणीला गेल्यावर न मागितलेलीही पानं दिसतात. दुसरं, अर्ज करण्याआधी महापालिकेच्या संकेतस्थळावर लेखापरीक्षित वार्षिक लेखे आहेत का बघा. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी लेखे ऑनलाईन ठेवण्याची अटच घातली होती, म्हणजे ते तयार असायला हवेत. त्यात 'दुरुस्ती व देखभाल' अशी स्वतंत्र अनुसूची असते. ती आधी छापून घ्या, मग नोंदवहीशी ताडून बघता येईल. ताडायला मी येतो, फक्त सभा संध्याकाळची ठेवा.

गंगावेश

सांडपाणी केंद्रासाठीचा अर्ज मी करतो. जयंती नाल्यावरचे पंप कधी बंद होते त्याची नोंदवही आणि त्या दिवसांचे नदीच्या पाण्याचे तपासणी अहवाल, दोन वेगळे अर्ज करावे लागतील ना काका?

निवृत्त_लेखनिक

हो, वेगळेच. नोंदवही महापालिकेकडे मागा, अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. तारखा दोन्हीत सारख्याच लिहा.